दूरनियंत्रकाचे संकेत आणि संचाचा मालक

दिल्लीचे लजपतराय मार्केट, मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता, चेन्नईचा रिची मार्ग किंवा बंगळूरचा एस. पी. रस्ता, यांपैकी कोणत्याही पेठेत गेले तरी एक दृश्य हटकून दिसते. दुकानाच्या भिंतीवर शेकडो दूरनियंत्रक प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून टांगलेले असतात. गिऱ्हाईक आपला फुटका, सेलच्या गंजाने खाल्लेला जुना रिमोट खिशातून काढतो. दुकानदार त्याच्याकडे क्षणभर निरखून पाहतो, भिंतीवरून तसाच दिसणारा एक नवा उतरवतो आणि ‘चालला नाही तर परत आणा’ असे सांगून हाती देतो. ही सारी निवड मुखवट्यावरून होते. दिसण्यात जुळ्या भावांसारखे असलेले दोन दूरनियंत्रक निरनिराळे संकेत पाठवीत असतात आणि मुळीच साम्य नसलेले दोन कित्येकदा एकच संकेत पाठवितात, ही गोष्ट दुकानदारास ठाऊक असते. पण संकेत पाहून निवड करण्याची सोय त्याच्यापाशी नसते. गिऱ्हाइकापाशी तर नसतेच.

ज्याचा जुना रिमोट हरवलाच आहे त्याची अडचण याहून मोठी. त्याचा संच उत्तम स्थितीत असतो. पडदा शाबूत, आवाज स्वच्छ. परंतु अलीकडच्या पुष्कळ संचांच्या अंगावर चौकटीखाली दडवलेली एकच कळ असते, आणि संच भिंतीला ठोकलेला असल्यास तेथवर बोट पोचत नाही. वर्षे लोटल्यावर त्या नमुन्याचा दूरनियंत्रक पेठेत मिळेनासा होतो आणि चांगला संच भंगारवाल्याच्या गाडीवर चढतो. असा संच फुकट जाण्याचे कारण यंत्रातील बिघाड हे नसून एका पानाच्या माहितीचा अभाव हे असते. प्रत्येक संच ठराविक आज्ञांचे संकेत ओळखतो. त्या संकेतांचे कोष्टक एका पानात मावते. ते पान संचाबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत छापलेले असावे, ही मागणी रास्त आहे आणि ती पुरी करणे सोपेही आहे.

या संकेतांत गूढ असे काय आहे, हे प्रथम पाहणे बरे.

इ. स. १८०० मध्ये विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने लोलकातून पडलेल्या वर्णपटाच्या तांबड्या टोकापलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नाही तेथे, तापमापक ठेवला आणि पारा चढलेला पाहिला. त्या अदृश्य प्रकाशास आज अवरक्त किरण म्हणतात. दूरचित्रवाणीच्या सेवेस हे किरण पुष्कळ उशिरा लागले. अमेरिकेतील झेनिथ या कंपनीने १९५५ मध्ये काढलेला दूरनियंत्रक साध्या दृश्य प्रकाशाचा होता. पडद्याच्या चार कोपऱ्यांत चार प्रकाशसंवेदी घट बसविलेले असत व त्यांवर झोत टाकावा लागे. खिडकीतून ऊन आले की तेही आज्ञा देऊ लागे, हा त्यातील दोष. पुढच्याच वर्षी रॉबर्ट ॲडलर यांनी ॲल्युमिनियमच्या दांड्यांवर लहानशी हातोडी आपटून श्रवणातीत ध्वनी निर्माण करणारे साधन केले. त्या हातातील पेटीस बॅटरीही लागत नसे. तेथे एका दांडीचा एक सूर आणि एका सुरास एक काम, असा सरळ व्यवहार होता. सूर थोडे, कामेही थोडी. त्यामुळे संकेत शोधून काढण्याचा प्रश्न तेव्हा उद्भवला नाही. पुढे कामे वाढली, अंकांच्या कळा आल्या, आणि १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून अवरक्त किरणांचा दूरनियंत्रक रूढ होऊ लागला. मात्र त्याबरोबर प्रत्येक उत्पादकाने आपापली संकेतपद्धती ठरविली.

आजच्या दूरनियंत्रकाच्या टोकाशी एलईडी नावाचा एक इवला अर्धवाहक दिवा असतो. त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी बहुधा ९४० नॅनोमीटरच्या जवळपास असते. डोळ्यांना तो दिसत नाही. परंतु भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यासमोर धरून कळ दाबली तर पडद्यावर फिकट जांभळा ठिपका लुकलुकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात न दिसल्यास पुढचा वापरून पाहावा, कारण काही कॅमेऱ्यांवर अवरक्त किरण अडविणारी काच असते. दूरनियंत्रकातून प्रकाश निघतो की नाही, एवढा निवाडा या युक्तीने घरच्या घरी होतो.

हा दिवा ‘पेटलेला’ असतो तेव्हाही तो सलग पेटलेला नसतो. सेकंदास सुमारे ३८,००० वेळा तो उघडझाप करतो. यालाच वाहक कंप्रता म्हणतात. काही पद्धतींत ती ३६ हजार असते, काहींत ४० हजार. असे करण्याचे कारण उघड आहे. उन्हात अवरक्त किरण आहेत, विजेच्या दिव्यांतही आहेत. परंतु ते नेमक्या याच तालावर उघडझाप करीत नाहीत. संचातील ग्राही हा ताल तेवढा उचलतो व बाकीचा प्रकाश सोडून देतो. १९५५ च्या दूरनियंत्रकाला उन्हाने जो त्रास दिला तो येथे होत नाही.

या लुकलुकत्या प्रकाशाचे लहानमोठे तुकडे आणि त्यांमधील अंधार यांतून आज्ञा लिहिली जाते. जपानच्या एनईसी कंपनीची पद्धत जगभर फार पसरली आहे. तिचेच उदाहरण घेऊ. आरंभी ९ मिलिसेकंद प्रकाश आणि ४.५ मिलिसेकंद अंधार. ही ललकारी झाली. मग ३२ बिटे, म्हणजे शून्य आणि एक या द्विमान अंकांची माळ. प्रत्येक बिटात प्रथम सुमारे ०.५६ मिलिसेकंदाचा प्रकाश असतो. त्यानंतरचा अंधार तेवढाच असेल तर ते शून्य, तिप्पट असेल तर एक. पहिली आठ बिटे म्हणजे पत्ता: आज्ञा कोणत्या यंत्राला आहे ते. पुढच्या आठांत तोच पत्ता उलटा करून, म्हणजे शून्याच्या जागी एक व एकाच्या जागी शून्य घालून, पुन्हा पाठवितात. त्यानंतर आठ बिटांची आज्ञा, आणि शेवटी तीही उलटी. मूळ व उलट जुळले नाहीत तर संच संदेश टाकून देतो. या रचनेमुळे प्रत्येक संदेशात सोळा शून्ये व सोळा एक येतात आणि आज्ञा कोणतीही असो, संदेशास सारखाच वेळ लागतो. रचना साधी आणि डौलदार आहे, हे कोणीही कबूल करील.

फिलिप्स कंपनीची आरसी-५ ही पद्धत याहून आटोपशीर. तिच्यात चौदाच बिटे, ३६ हजारांचा ताल, ३२ पत्ते आणि प्रत्येक पत्त्यास ६४ आज्ञा. तिच्यात दूरचित्रवाणीचा पत्ता ० असून बंद-चालू करण्याची आज्ञा १२ आहे, आवाज वाढविण्याची १६ व कमी करण्याची १७. युरोपातील अनेक उत्पादकांनी ही पद्धत स्वीकारल्यामुळे एका कंपनीचा दूरनियंत्रक दुसऱ्या कंपनीच्या यंत्रास चालतो, असा अनुभव तेथे येई. सोनी कंपनीची पद्धत तिसरी: ताल ४० हजारांचा, आणि शून्य की एक हे अंधाराऐवजी प्रकाशाच्या लांबीवरून ठरते.

मूळ दूरनियंत्रक हाताशी असेल तर त्याचे संकेत वाचणे हे शालेय प्रयोगशाळेतील एका दुपारचे काम आहे. तीन पायांचा अवरक्त ग्राही दोन-तीन कप चहाच्या किमतीत मिळतो. अर्डुइनो जातीचे परिपथफलक २०१६ नंतर स्थापन झालेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांमुळे देशातील हजारो शाळांत पोचले आहेत. केन शिरिफ यांनी २००९ मध्ये अर्डुइनोसाठी तयार करून सर्वांस मोकळा दिलेला आज्ञासंच त्यावर चढविला की कळ दाबताच संकेताचा आकडा संगणकाच्या पडद्यावर उमटतो. दोन गोष्टी मात्र नवशिक्याला चकवितात. ग्राहीचा विद्युत्‌दाब प्रकाश पडला असता खाली येतो, म्हणजे आलेख उलटा दिसतो. शिवाय ग्राही वाहक ताल गाळून टाकतो. त्यामुळे तो ३६ हजारांचा होता की ४० हजारांचा, हे नोंदीवरून कळत नाही. ताल थोडा चुकला तरी संच जवळून ऐकतो आणि लांबून ऐकत नाही. ‘संकेत बरोबर आहे, पण कधी चालतो, कधी नाही’ अशी तक्रार आली तर प्रथम येथे पाहावे.

आरसी-५ पद्धतीत आणखी एक खुबी आहे. प्रत्येक नव्या दाबाबरोबर त्यातील एक बिट आलटून-पालटून बदलते, जेणेकरून कळ दाबून धरली आहे की पुन्हा दाबली आहे, हे संचाला कळावे. ज्या यंत्राने संकेताची जशीच्या तशी नक्कल केली त्यात हे बिट गोठून राहते. मग ‘५५’ हा क्रमांक दाबला तर संचाला एकच ‘५’ पोचतो आणि माणूस बिचारा कळेला दोष देतो.

मूळ दूरनियंत्रकच नसेल तर? येथे थोडा हिशेब करण्याजोगा आहे. सोनीच्या बारा बिटांच्या पद्धतीत एकूण ४,०९६ संदेश संभवतात. एकेकास ४५ मिलिसेकंद लागतात आणि तो तीनदा पाठवावा लागतो असे धरले, तरी सर्व संदेश सुमारे नऊ मिनिटांत पाठवून होतात. आरसी-५ चे २,०४८ संदेश चार मिनिटांत संपतात. एनईसी पद्धतीत २५६ पत्ते व २५६ आज्ञा, म्हणजे ६५,५३६ जोड्या. एकेक संदेशास सुमारे ११० मिलिसेकंद धरून दोन तास. जो व्यवहार एखादा विद्यार्थी दोन तासांत धुंडाळू शकतो त्याला व्यापारी गुपित म्हणणे धाडसाचे आहे. या पद्धतीच्या विस्तृत प्रकारात पत्ता सोळा बिटांचा असतो आणि तेथे हाच शोध तीन आठवडे चालेल, हे खरे. परंतु पत्ता उत्पादकागणिक ठरलेला असतो. तो एकदा कळला की उरतात फक्त २५६ आज्ञा, आणि त्या अर्ध्या मिनिटाच्या आत संपतात.

असा आंधळा शोध सुचविण्याजोगा मात्र नाही. कारखान्यातील जुळणी आणि दुरुस्ती यांकरिता राखून ठेवलेल्या आज्ञाही याच आकड्यांत दडलेल्या असतात. त्यांपैकी एखादी लागली तर पडद्यावर मोजमापांचे अनोळखी पान उघडते, आणि पुढची आज्ञा तेथे जाऊन पडली तर चांगल्या चित्राची जुळणी बिघडू शकते. कोष्टक छापून न दिल्याने कोणी शोध थांबवीत नाही. तो धोक्याच्या वाटेने करावा लागतो, एवढेच.

दूरनियंत्रकावर नसलेल्या आज्ञा हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. सर्वसाधारण दूरनियंत्रकावर बंद-चालू यासाठी एकच कळ असते. संच चालू असेल तर ती बंद करते, बंद असेल तर चालू करते. माणूस समोर बसलेला असतो, त्यामुळे त्याला यात अडचण येत नाही. परंतु आज्ञा देणारे एखादे यंत्र असेल तर संच या क्षणी कोणत्या स्थितीत आहे हे त्याला दिसत नाही. शाळेच्या सभागृहातील संच रात्री आपोआप बंद व्हावा म्हणून बसविलेले साधन, संच आधीच बंद असेल तर, त्याला रात्रभर चालू करून ठेवील. पुष्कळ संचांत ‘केवळ चालू’ आणि ‘केवळ बंद’ अशा दोन स्वतंत्र आज्ञा वस्तुतः घातलेल्या असतात, पण त्यांना कळ दिलेली नसते. जी कळ नाही तिचा संकेत ग्राहीने वाचावा कसा? तो उत्पादकाने सांगितला तरच कळतो, अथवा वर सांगितलेल्या आंधळ्या शोधात योगायोगाने सापडतो.

ही केवळ हौशी मंडळींची गरज आहे असे कोणी समजू नये. ज्याचे हातपाय लुळे पडले आहेत, ज्याला हनुवटीने किंवा एका बोटाने एकच मोठी कळ दाबता येते, अशा माणसासाठी तयार केलेली नियंत्रणसाधने असतात. पडद्यावर एकेक पर्याय उजळत जातो, हवा तो उजळला की माणूस आपली कळ दाबतो आणि साधन संचाला अवरक्त संकेत पाठविते. हे संकेत त्या साधनाला आधी कोणीतरी शिकवावे लागतात. कोष्टक हाती असेल तर घरचे माणूस ते काम अर्ध्या तासात करील. नसेल तर मूळ दूरनियंत्रक शोधा, तो नादुरुस्त असेल तर तसाच दुसरा मिळवा, आणि ‘केवळ बंद’ची आज्ञा मिळणारच नाही असे समजून चाला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रात्री संच बंद करण्यासाठी दुसऱ्याला हाक मारावी लागणे आणि न लागणे यांतील अंतर त्या एका आकड्याएवढे असते. निरोगी माणसाला ते फार लहान वाटेल.

भारतात २०१२ पासून केबल प्रक्षेपणाचे टप्प्याटप्प्याने अंकीकरण झाले, घरोघर सेट-टॉप पेट्या आल्या आणि प्रत्येक घरात निदान दोन दूरनियंत्रक नांदू लागले. म्हाताऱ्या माणसांची होणारी त्रेधा सर्वांनी पाहिली आहे. हातातला कोणता, आवाज कोणत्याने वाढवायचा, चित्र गेले ते कोणत्याने आणायचे? काही पेट्यांच्या दूरनियंत्रकांवर याच कारणासाठी चार-पाच ‘शिकाऊ’ कळा दिलेल्या असतात. संचाचा रिमोट त्यांच्यासमोर धरून त्यांना संकेत शिकविता येतात. सोय चांगली आहे, पण तीही शिकविणारा रिमोट जिवंत असेपर्यंतच.

हौशी संशोधकांनी या उणिवेवर आपल्या परीने उपाय केला आहे. गेल्या शतकाच्या अखेरीपासून त्यांनी लिनक्स संगणकांसाठी संकेतांचे मोठे संग्रह केले आणि ते सर्वांस खुले ठेवले. हे काम फुकट व निष्ठेने झाले आहे. पण त्यात एकवाक्यता नाही, आणि ती असण्याचे कारणही नाही, कारण एकच संकेत लिहिण्याच्या रीती अनेक आहेत. एलजी कंपनीच्या पुष्कळ संचांची बंद-चालू आज्ञा पाहा. एका यादीत ती ‘पत्ता ४, आज्ञा ८’ अशी सापडते. दुसरीत ‘पत्ता ३२, आज्ञा १६’ अशी. तिसरीत षोडशमान पद्धतीने ‘२० डीएफ १० ईएफ’ अशी. शोध घेणारा गोंधळतो. तिन्ही वेगळे संकेत समजून एकेक करून पाहतो. वस्तुतः प्रकाशाची लुकलुक तिन्हींत एकच आहे. एनईसी पद्धतीत लहान किमतीचे बिट आधी पाठवितात. पहिल्या यादीने ते ओळखून आकडा सुलटा वाचला, दुसरीने आले त्या क्रमाने वाचला, आणि तिसरीने उलट्या प्रतीही जोडून चारही भाग लिहिले. षोडशमान पद्धतीत नवानंतरच्या अंकांना रोमन अक्षरे वापरतात, म्हणून तेथे अक्षरे दिसतात. चौथी एक रीत प्रत्येक प्रकाश-अंधाराची लांबीच ओळीने मांडते आणि पानभर आकडे होतात. कोणता संग्रह कोणत्या रीतीने लिहिला आहे हे यादीच्या माथ्यावर क्वचितच सांगितलेले असते. शिवाय संचावरील नाव एका कंपनीचे व आतील यंत्र दुसरीचे, असे सर्रास असल्यामुळे नावावरून केलेला शोध फसतो.

कोष्टक छापण्याविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात. पहिला खोडसाळपणाचा. २००४ मध्ये मिच ऑल्टमन या अमेरिकन शोधकाने किल्ल्यांच्या जुडग्यात अडकविता येईल असे एक खेळणे विकावयास काढले. ते निरनिराळ्या संचांचे ‘बंद’ संकेत एकामागून एक पाठवीत राही. २००८ मध्ये लास व्हेगासच्या मोठ्या इलेक्ट्रॉनिकी प्रदर्शनात काही वार्ताहरांनी तेच वापरून मांडलेले पडदे बंद पाडले आणि पुष्कळांचा रोष ओढवून घेतला. तेव्हा खोडी करू पाहणाऱ्याला संकेत केव्हाच मिळाले आहेत. ते न मिळाल्याने अडते ते आपल्याच घरातील संच चालवू पाहणाऱ्याचे. मोटारीच्या दूरस्थ किल्लीची गोष्ट निराळी. तेथे संकेत दर खेपेस बदलतो, कारण तो कुलपाचे काम करतो. दूरचित्रवाणीचा संकेत कशालाच कुलूप घालीत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नवे संच अवरक्त किरण सोडून रेडिओ तरंगांकडे वळत आहेत. आवाजी आज्ञा घेणारे दूरनियंत्रक ब्लूटूथने जोडले जातात, आणि त्या जोडणीत गुप्तता आवश्यकच आहे, कारण तेथून घरातले बोलणे जाते. त्या जोडणीची अंगे छापून द्या, असे कोणी म्हणणार नाही. परंतु अशा कित्येक संचांतही बंद-चालू करण्यासाठी अवरक्त ग्राही ठेवलेला असतोच, आणि लोकांच्या घरी आज असलेले जुने संच तर त्याच्यावरच चालतात. उद्याचे यंत्र निराळे असेल म्हणून आजच्या यंत्राची माहिती द्यावयाची नाही, हा युक्तिवाद टिकत नाही.

केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली व त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी माहितीचे संकेतस्थळ उघडले. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याविषयीचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. त्यांचा भर मुख्यतः वस्तू टाकून दिल्यानंतरच्या व्यवस्थेवर आहे. टाकण्याची पाळीच लांबणीवर पडावी यासाठी जे स्वस्त उपाय आहेत, त्यांत संकेतांचे छापील पान अगदी वरच्या क्रमांकाचे ठरावे. काही उत्पादकांनी काही संचांच्या पुस्तिकांत असे कोष्टक पूर्वी छापले आहे आणि त्यामुळे त्यांचा व्यापार बुडाल्याचे दिसत नाही. ज्यांनी छापले नाही त्यांच्यावर ते बंधनकारक करण्यास कोणती अडचण आहे, हे त्यांनीच सांगावे.

तोवर शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालये यांना एक काम हाती घेता येईल. गावातील चालू दूरनियंत्रक विद्यार्थ्यांनी वाचावेत आणि त्यांची एक वही ग्रंथालयात संदर्भासाठी ठेवावी. नोंद करताना संचाच्या पाठीवरील पट्टीतला नमुना क्रमांक पुरा उतरून घ्यावा. नुसते कंपनीचे नाव पुरत नाही. संकेतपद्धतीचे नाव, वाहक ताल, पत्ता व आज्ञा लिहून बिटांचा क्रम कोणता धरला तेही शेजारी लिहावे. संकेत दुसऱ्या साधनाने पाठवून संचाने तो खरोखर पाळला का, हे तपासल्याची तारीख घालावी. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘केवळ चालू’ आणि ‘केवळ बंद’ या दोन आज्ञांसाठी जागा सोडावी, आणि ती रिकामी राहिली तर ते पान पत्रासोबत उत्पादकाकडे पाठवून ती भरून मागावी.